दोनशे ग्रॅमची सुकेळी

आर्या साडेतीन वर्षांची, वजन अकरा किलो तीनशे. बोळिंजचे डॉक्टर म्हणाले, "महिन्यात दोनशे ग्रॅम तरी वाढू दे, नाहीतर तपासण्या करू." कोणत्या ते बोलले नाहीत. मी पुस्तकात वाचून अकरा काढल्या.

माझ्या भावाने, संकेतने, दुबईहून फळं-भाज्या सुकवायचं मशीन पाठवलं होतं. मी बीट, टोमॅटो, चिकू, सगळ्यांच्या चकत्या सुकवल्या. आर्याने एक उजेडात धरून विचारलं, "आई, हे खायचंय की चिकटवायचंय?" उरलेलं माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने खाल्लं. "पौष्टिक आहे," म्हणाला आणि दोन ग्लास पाणी प्यायला.

मग सुकेळी, म्हणजे अख्खी सुकवलेली केळी, करायची ठरवली. नंदाखालच्या सालोमीमावशी आमच्या जिन्यापाशी केळी विकत. त्यांनी पिकलेली राजेळी केळी दिली. "सोल आनि अख्खी ठेव." रविवारी वीज गेली नाही. मशीन सलग चौदा तास चाललं. मावशींनी एक केळं चौकटीवर आपटून पाहिलं. "दाराला खिट्टी कर ह्याची."

दुसरा घाणा सोमवारी लावला. त्या मार्चमध्ये रविवार सोडून रोज सकाळी चार आणि संध्याकाळी दोन तास लोडशेडिंग होतं. वीज गेली की मी केळी स्वच्छ पंच्यात गुंडाळायची, वेळ लिहून ठेवायची, वीज आली की परत मशीनमध्ये. असे चार दिवस गेले.

"टाकून दे," श्रीरंग म्हणाला. "पोरीला काही झालं म्हणजे?"

मी आधी एक स्वतः खाल्लं आणि दोन तास थांबले. काही झालं नाही. केळी मधाच्या रंगाची, मऊ झाली होती.

मावशींनी चावून पाहिलं. "कोनी शिकवलं तुला?"

"काय?"

"अगो, आमी उन्हात सुकवतो, पन सांजेला पानात झाकून ठेवतो. आतलं पानी बाहेर यायला वेळ नको? तुला कोनी सांगितलं मधे थांबायला?"

"वीज मंडळाने."

आर्याने त्या दिवशी दीड सुकेळं खाल्लं. दुसऱ्या दिवशी दोन. मी वहीत लिहिलं, सोबत किती चावलं आणि किती फ्रॉकवर सांडलं, तेही.

महिन्याने डॉक्टरांचा काटा अकरा पाचशे साठवर थांबला. "झालं की," ते म्हणाले.

मी तिचे सँडल काढून पुन्हा वजन करायला लावलं. अकरा पाचशे दहा.

आर्या काट्यावरूनच म्हणाली, "आता सुकेळी बंद ना?"

"नाही," मी म्हणाले. डॉक्टर पुढच्या पेशंटला बोलवत होते.