घेवड्याचं पाणी

सर्जेरावानं लंडनहून जमैकाची बायको करून आणली, तेव्हापासून बनुबाईंनी सुनेच्या हातचा घास खाल्ला नव्हता. आज ग्लोरिया माहेरचा घेवडाभात करणार होती. सगळी भावकी ओसरीवर जेवणाची वाट बघत होती. बनुबाईंनी लेकाला आधीच बजावलेलं, "जिभंला पटलं तर माजी सून. न्हाईतर नुसती तुजी बायकू."

घेवड्याचे लाल दाणे शिजले तशी ग्लोरिया नारळाचं दूध पिळायला वळली. तेवढ्यात बनुबाईंनी सवयीप्रमाणे घेवड्याचं लाल पाणी आमटीसाठी पातेल्यात काढलं आणि तडतडती फोडणी त्यात ओतायला पळी उचलली.

ग्लोरियानं झटकन सासूचं मनगट धरलं.

"आये, तिचा भात त्या पाण्यातच शिजतो," सर्जेराव दारातून चाचरला.

"तिला तोंड न्हाई व्हय?"

"पाणी माझं," ग्लोरिया म्हणाली. मनगट काही सुटलं नाही.

बनुबाईंनी तिच्याकडं रोखून बघितलं. मग पळी खाली ठेवली आणि पातेलं तिच्यापुढं सरकवलं.

"घे. माज्या चुलीपुढं माजा हात धरायची छाती आजवर कुणाची झाली न्हवती. आता भात लागू दिऊ नगंस. आन् पयलं ताट मला वाढ."