वस्तऱ्यामागचा श्वास

उस्तादांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना, ही बातमी गिऱ्हाइकांच्या आधी त्यांच्या साडूला लागली. साडू हळहळला आणि लगोलग म्हणाला, "सलून मी बघतो, तुम्ही आराम करा." अशी मायेची माणसं बरोबर वेळेवर उगवतात! त्या एका खोलीत, दोन आरशांपुढे उभं राहून उस्तादांनी आयुष्यभर लोकांची डोकी भादरली होती. दुकान गेलं तर आपण कोण, हे त्यांना सांगताच आलं नसतं. पण हातच उठेना, तर बोलणार काय? सोमवारी किल्ली द्यायचं कबूल करून बसले.

बायको मात्र हटून बसली. हाड शाबूत असल्याचं डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं होतं. "मग आता त्या ऑस्टिओपॅथ बाईंकडे चला," ती म्हणाली. "सांधे, स्नायू, सगळं नुसत्या हातांनी तपासून मोकळं करतात म्हणे."

"हातांनी? मग मी काय इतकी वर्षं पायांनी काम करत होतो?" उस्ताद कुरकुरले, पण गेले.

बाईंनी त्यांना उताणं झोपवलं आणि दुखऱ्या खांद्याला हातच लावला नाही. गेला दिवस फुकट, असं उस्तादांना वाटलं. बाईंनी नुसता बरगड्यांवर तळवा ठेवला.

"काका, इथे श्वास पोचतच नाहीये. काम करताना रोखून धरता का?"

उस्तादांच्या अंगावर काटा आला. हे बायकोलाही ठाऊक नव्हतं! गळ्याला वस्तरा टेकला की श्वास थांबवायचा, म्हणजे हात हलत नाही, असं वडिलांनी शिकवलं होतं. वस्तरा उचलला की सोडायचा, हेही सांगितलं असेल. पण पुढचं गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना सोडत कोण बसतो? आणि या बाईने नुसता तळवा ठेवून ते ओळखलं.

मग बाई डोक्याशी येऊन बसल्या. मानेखाली दोन्ही हात घालून म्हणाल्या, "डोकं सैल सोडा."

उस्तादांनी मदत म्हणून डोकं उचलून धरलं.

"तुमची गिऱ्हाइकंही असंच करत असतील ना?" बाई हसल्या.

अगदी असंच! सांगून सांगून उस्तादांच्या तोंडाला फेस यायचा. आणि आता स्वतःचं डोकं सोडवेना. किती वेळाने कोण जाणे, मान सुटली आणि डोकं त्या तळव्यांत गेलं. बाप रे, केवढं जड! एवढं ओझं घेऊन आपण हिंडत होतो? छातीत खोलवर हवा शिरली. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात गेलं, त्याची लाजही वाटली नाही.

"आता हात उचला बघू. जमेल तेवढाच."

हात वर आला. थेट कानापर्यंत. उस्ताद त्याच्याकडे परक्याचा असावा तसे बघत राहिले.

"एका दिवसात होणारं काम नाही हे," स्वतःची मान चोळत बाई म्हणाल्या. "अजून यावं लागेल. घरी व्यायाम करायचा, आणि वस्तरा धरूनही श्वास घ्यायला शिकायचं."

उस्तादांची नजर त्यांच्या मानेवर गेली. धंद्याचीच नजर ती.

"ताई, दिवसभर तुम्ही लोकांची डोकी धरता. तुमचं कोण धरतं?"

बाई हसायला गेल्या आणि मध्येच थांबल्या. "कोणी नाही," त्या म्हणाल्या.

"सोमवारी दुकानावर या," उस्ताद म्हणाले. "मी आहे."