ईस्टरची हजेरी

आमच्या मंडळीत ईस्टरच्या पहाटे हजेरी होते. हसू नका. शाळेत होते तशीच हजेरी, फक्त मेलेल्या माणसांची.

उजाडायच्या आत सगळी वाडी कबरस्तानात जमते. वाडी म्हणजे मांडव्याच्या अलीकडे माडांत दडलेली पंधरा ख्रिस्ती घरं, त्यामुळे गर्दी ती काय होणार! आपलं माणूस जिथे पुरलंय तिथे आपण उभं राहायचं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, वहीतून एकेक नाव वाचतात आणि त्या घरचं माणूस मोठ्याने म्हणतं, ‘उठेल.’ बस्स, एवढंच. ही रीत दुसऱ्या कुठल्या मंडळीत नाही. अलिबागचे शिकलेले ख्रिस्ती लोक ती ऐकून तोंडाला पदर लावतात. मी अलिबागेत शाळेवर मास्तरीण आहे, मलाही हसू यायचं. आता येत नाही. का येत नाही तेच सांगते.

माझे बाबा, बाळाजी सुतार, या हजेरीत सगळ्यांत मोठ्याने ओरडायचे. पाळकसाहेबांनी ‘चंदर बाळाजी’ म्हणायचा अवकाश, बाबांचा ‘उठेल!’ पार समुद्रापर्यंत जायचा. चंदर माझा थोरला भाऊ. सत्तेचाळीस साली गटारीच्या दिवशी मुंबईहून रेवसला येणारी बोट बुडाली, त्यात तो होता. बाविसावं सरायचं होतं त्याचं.

चार-पाच दिवसांनी मढी किनाऱ्याला लागायला लागली. ज्यांना ओळखणारं कोणी आलं नाही त्यांना लोकांनी किनाऱ्यावरच लाकडं रचून एकत्र जाळलं. करणार काय बिचारे, धो धो पाऊस आणि तो वास. पण बाबा त्या जाळाभोवती वेड्यासारखे फिरत होते. ‘त्यात माझा नसूं दे, देवा, त्यात नसूं दे!’ कारण बाबांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली. पुरलेला माणूस शेवटच्या दिवशी उठतो, जाळलेला उठत नाही. पाळकसाहेबांनी किती समजावलं, की ज्याने मातीतून माणूस केला त्याला राखेचं काय मोठंसं? तर बाबा म्हणाले, ‘साहेब, मी सुतार हाय. जुनं लाकूड द्या, पाट करून देतो. राखेला रंधा मारून कुणी पाट केलाय का?’ झालं. पुढे बोलायची सोयच नाही.

सहाव्या दिवशी आमच्या वाडीसमोरच एक मढं लागलं. अंगात निळ्या रेघांचा सदरा. चंदरकडे तसाच होता. तोंडाकडे बघून ओळखावं असं तोंड उरलंच नव्हतं, पण बाबांनी सदरा पाहिला आणि मिठी मारली. घरी आणलं. आईने न्हाणीचं दार लावून घेतलं, एकटीने त्याला न्हाऊ घातलं, नवं धोतर नेसवलं. बाबांनी स्वतः पेटी केली. संध्याकाळी पुरलं. बाबा रडत होते, पण त्यांच्या तोंडावर एक सुटका होती, मी डोळ्यांनी पाहिली. त्यांचा मुलगा मातीत होता. म्हणजे उठणार होता.

आता माझ्या आईचं सांगते. आईचं नाव येसूबाई. मिशनच्या मडमेला वाटायचं, येशूवरून ठेवलं, केवढी ही श्रद्धा! कसलं काय, ते बाप्तिस्म्याच्या आधीपासूनचं, आजोबांनी ठेवलेलं. आई कमी बोलायची. पण दर वर्षी आषाढी अमावास्येला ती सकाळी उठून चालत रेवसच्या धक्क्यावर जायची. बोटीत गेलेल्यांची हिंदू माणसं त्या दिवशी तिथे येतात, दहीभाताचं पान पाण्यात सोडतात, नारळ सोडतात. त्यांच्यात आमची आई! मला संताप यायचा. अगं, आपल्या माणसाची कबर इथे घराजवळ आहे, बाबा दर ईस्टरला तिला चुना लावतात, दर चार वर्षांनी नवा क्रूस करतात, आणि तू तिकडे चिखल तुडवत कोणाकडे जातेस? ती म्हणायची, ‘बायांना भेटाया.’ पुढे एक अक्षर नाही.

तेराव्या वर्षी, म्हणजे साठ साली, तिचे गुडघे गेले. म्हणून मी शाळेत रजा टाकून तिच्याबरोबर गेले. वाटभर कुरकुरत होते, खोटं कशाला बोलू? धक्क्यावर पोचल्यावर आईने काय करावं? पान सोडून वळलेल्या एकेका बाईजवळ जायचं आणि विचारायचं, ‘तुमच्या पोराच्या करगोट्याला काय बांधलेलं होतं वो?’ कोणी म्हणायची, काही नाही. कोणी म्हणायची, ताईत. आई मान हलवायची आणि पुढच्या बाईकडे. मला लाजेने कुठे तोंड लपवू असं झालं. मी तिचा दंड धरला. ‘आई, हे काय चालवलंयस? लोक वेडी म्हणतील!’

तिने कनवटीला हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. काळा दोरा, आणि त्याला एक लहान पितळी चावी.

‘न्हाऊ घालताना त्याच्या कमरंला होता,’ ती म्हणाली. ‘चंदरला कुठला करगोटा? तो पाच वर्षांचा असताना, बाप्तिस्म्याच्या दिवशी तुझ्या बापानं सोताच्या हातानं कापला. परत कधी बांधला न्हाय.’

मी तिथेच धक्क्याच्या दगडावर बसले. ‘म्हणजे कबरीत...’

‘कुणाचा तरी हाय.’

‘आणि तू तेरा वर्षं गप्प राहिलीस? बाबांना पण नाही सांगितलंस?’

‘काय सांगू? दार उघडून सांगितलं असतं, का हा आपला न्हाय, तर त्याला पण त्या जाळात नेऊन टाकला असता. आणि तुझा बाप... तुझा बाप त्या जाळातच उडी टाकणार होता, राही. मी बघत होते ना त्याला.’ मग जरा थांबून म्हणाली, ‘पण याच्या आईला कळाया नको? ती कुठंतरी वाट बघत असेल. मी तिचं पोर चोरलं गं.’

तेरा वर्षांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. मी तिला जवळ घेतलं, आणि एवढी वर्षं तिला टाकून बोललेलं सगळं मला आठवलं.

आमचं बोलणं शेजारी पान सोडायला आलेल्या एका काटकुळ्या बाईने ऐकलं. ती जवळ आली. चावीकडे बघत राहिली. हात नाही लावला. म्हणाली, ‘ती माझ्या काळूरामच्या ट्रंकेची चावी हाय.’

वेणूबाई तिचं नाव. पोयनाडच्या पलीकडची, भातशेती करणारी; धक्क्यावर यंदाच पहिल्यांदा आलेली. काळूराम तिचा एकुलता, मुंबईत गिरणीत होता. आदल्या खेपेला आला तेव्हा ट्रंक घरी ठेवून गेला, ‘आये, हात लावू नको, मी आलो की उघडीन.’ ट्रंक तशीच होती. कुलूप फोडायचं तिच्या मनात आलं नव्हतं. आईने चावी तिच्या हातात ठेवली आणि तिचे पाय धरायला वाकली. वेणूबाईने तिला मध्येच पकडलं. दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

वेणूबाईला कबर दाखवायची म्हणजे बाबांना सांगणं आलं. त्याच दुपारी आईने सांगितलं. बाबा पडवीत रंधा मारत होते. आईने सगळं सांगितलं, एक गोष्ट गाळली नाही. बाबांचा हात थांबला.

‘मग आपला?’ ते म्हणाले.

‘एक तर पाण्यात, न्हाय तर...’ आई म्हणाली.

‘तेरा वर्सं मी परक्याला हाका मारल्या.’

‘परका कसा वो? मी न्हाऊ घातलंय त्याला.’

बाबा उठून आत गेले. आईवर ओरडले असते तर बरं झालं असतं. देवळात जायचे, गायचे नाहीत. विश्वासाचा अंगीकार, म्हणजे आम्ही काय काय मानतो त्याची कबुली, म्हणताना सगळी मंडळी शरीराच्या पुनरुत्थानापाशी, मेलेल्यांच्या उठण्यापाशी आली की बाबांचे ओठ मिटायचे. मी शेजारी उभी असायची, मला दिसायचं. त्यांचा एकुलता मुलगा दुसऱ्यांदा मेला होता, आणि या वेळी उठण्याची आशाही घेऊन गेला होता. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, ‘बाबा, देव काय तुमच्यासारखा सुतार आहे का, लाकूड मिळालं नाही तर काम बंद?’ मी जीभ चावली.

भाताची लावणी उरकून महिन्याभराने वेणूबाई आली. बाबांनीच तिला कबरीपाशी नेलं, आणि कोरड्या आवाजात म्हणाले, ‘बाई, तुमचा हाय. उकरा, न्या, तुमच्या रीतीनं काय करायचं ते करा.’

वेणूबाई खाली बसली. चुना लावलेल्या कडेवरून हात फिरवला. ‘कोन लावतो चुना?’

‘मी,’ बाबा म्हणाले.

‘दर सालाला?’

‘व्हय.’

‘मंग ऱ्हाऊं दे. तुमी निजवलाव, निजूं दे. मी कुठं उठवू त्याला?’ मग तिने पदराने डोळे पुसले आणि आईला सांगितलं, ट्रंक उघडली. दोन सदरे, एक आरसा आणि अर्धा झिजलेला साबण. ‘साबणाला अजून वास हाय बघ, येसूबाय.’

जाताना तिने मला विचारलं, इथे तुम्ही सालाला काय करता त्याचं? मी हजेरीचं सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, ‘त्या दिसाला मी येईन. त्याचं नाव घेतील ना?’

आता नाव घ्यायचं म्हणजे वहीत घालायला हवं. मंडळीत कुजबुज सुरू झाली. बाप्तिस्मा न झालेल्याचं नाव हजेरीत कसं? मंडळीच्या पंचांपैकी एक वडीलधारे तर घरी येऊन बसले. आईने त्यांना चहा दिला आणि म्हणाली, ‘दादा, न्हाऊ मी घातलंय. बाप्तिस्म्याचं काय ते तुमी देवाला इचारा.’ त्यांनी निमूटपणे चहा पिऊन घर गाठलं. पाळकसाहेबांनी वहीत काळूरामचं नाव लिहिलं. चंदरचं खोडू का, असं त्यांनी दबकत विचारलं. आई म्हणाली, ‘खोडायचं न्हाय.’ बाबा तिथेच होते. ते उठून पडवीत गेले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बाबांनी नवा क्रूस केला. त्यावर ‘काळूराम’ कोरलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक. जुना क्रूस, चंदरच्या नावाचा, त्यांनी काढून पडवीत भिंतीला टेकवून ठेवला.

एकसष्टच्या ईस्टरला आम्ही पहाटे कबरस्तानात गेलो. वेणूबाई आदल्या दिवशीच येऊन आमच्याकडे राहिली होती. कबरीच्या एका अंगाला ती आणि आई, दुसऱ्या अंगाला बाबा आणि मी. समुद्रावरून गार वारा येत होता. पाळकसाहेब वाचत चालले, एकेक घर म्हणत चाललं, उठेल, उठेल.

‘काळूराम, वेणूबाईचा मुलगा.’

वेणूबाईने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. नुसता पदर तोंडाशी. सगळे थांबले. तेव्हा बाबांनी मान वर न करता तिच्या वतीने म्हटलं, ‘उठेल.’ तेरा वर्षं म्हणायचे त्याच जागी, पण हळू.

‘चंदर बाळाजी.’

कोणी बोललं नाही. आई बाबांकडे बघत होती. हे उत्तर द्यायचा मान तेरा वर्षं त्यांचाच होता, तो ती घेणार नव्हती. मी बोलायला हवं होतं. सगळ्या वर्गाला धडे देणारी मी, माझ्या तोंडातून शब्द निघेना. बाबा समोरच्या मातीकडे बघत होते, जिथे त्यांचा मुलगा नव्हता. पाळकसाहेब पुढचं नाव वाचायला पान उलटणार, एवढ्यात वेणूबाई बोलली.

‘उठंल!’

सगळ्यांनी माना वळवल्या. जिने शास्त्राचं एक पान कधी ऐकलं नव्हतं ती बाई पदर सावरून उभी होती, आणि बाबांना रागे भरावं तसं बोलत होती. ‘उठंल की! न उठाया काय झालं? माझ्या पोराच्या नावानं तुमी उठंल म्हणलाव, मग तुमचा का न्हाय? आमच्यांत समद्यांना जाळतात. माझा धनी जाळला, माझी आई जाळली. तुमचा एक जळला असंल तर तेवढ्याला देव इसरंल व्हय?’

बाबा खाली बसले आणि त्या परक्या पोराच्या कबरीवर डोकं टेकून मोठमोठ्याने रडायला लागले. चंदर गेला त्या दिवशी रडले नव्हते असे. आई पलीकडून आली आणि त्यांच्याजवळ बसली. पाळकसाहेब वही मिटून थांबले. बऱ्याच वेळाने मातीतूनच बाबांचा आवाज आला, फाटका, कसाबसा, पण मी ऐकला. ‘उठेल.’

पाळकसाहेबांनी वही उघडली आणि पुढचं नाव वाचलं.