भांडी उतरवा, मी बोलतोय

मी विट्याच्या लालासाहेबांच्या माजघरातला मोठा स्पीकर बोलतोय. मला कुणी पेटी म्हणतं, कुणी पेटारा. पाहुणे तर माझ्या डोक्यावर कपबश्या ठेवतात. म्हणून म्हटलं, आपली ओळख आपणच करून दिलेली बरी.

माझी उमेदीची वर्षं तंबूतल्या सिनेमात गेली. जत्रेजत्रेत पडद्यामागे उभा राहून मी घोडे दौडवले, दरोडेखोरांच्या बंदुका वाजवल्या. तो तंबू कायमचा उतरला तेव्हा लालासाहेबांनी मला विकत घेतलं. जोतीराम सुताराने आंब्याच्या लाकडाची, आत माणूस मावेल एवढी पेटी करून दिली. ढोलाला पोट लागतं तसं मलाही लागतं. खोकं लहान असलं की खालचा सूर उमटतच नाही. जोडीला वीस वॅटचा अॅम्प्लिफायर मिळाला आणि आमचा संसार सुरू झाला.

लालासाहेब तोफखान्यातून पेन्शनवर आलेले. तोफांनी त्यांचे कान नेले, पण अगदी सगळे नाही. पाखरं, सायकलची घंटी, बायकोची हाक असं बारीक सगळं गेलं. जाड, खालचे आवाज तेवढे उरले. रोज संध्याकाळी ते ढोल-लेझीमची तबकडी लावत, माझ्या अंगावर तळहात ठेवत आणि डोळे मिटून घेत. दिवसभरात त्यांच्यापर्यंत पोहोचणारा मी एकटाच. याचा मला गर्व होता, आजही आहे.

त्यांच्या पत्नीला, रंगूबाईंना, मी डोळ्यांसमोर नको असे. मी घुमायला लागलो की फडताळातली भांडी नाचत, एखादा पेला खाली येई.

"आवं, घर हाय का तमाशाचा फड? काढा ती पेटी!" त्या ओरडत. लालासाहेबांना ते ऐकू येत नसे. मग राग पुन्हा माझ्यावरच निघे.

पंचाहत्तर सालच्या दिवाळीत पुतण्या दादासो पुण्याहून नवा स्टिरिओ घेऊन आला. दोन नाजूक, देखणे स्पीकर आणि साठ वॅटचा अॅम्प्लिफायर.

"काकी, काकांना कमी ऐकू येतंय न्हवं? मग ताकद वाढवायची. लय सोपं हाय."

पोरगा मनाचा चांगला, पण इथंच चुकला; त्या देखण्यांना ताकद होती, पोट नव्हतं. रंगूबाई तर खूशच झाल्या. माझी तार सुटली, मला दाराकडे सरकवलं. सकाळी गोठ्यात जायचं आणि पेंडीची पोती डोक्यावर घ्यायची, असं ठरलं. मनात म्हटलं, नेऊन तर बघा!

तीच तबकडी लागली. लालासाहेब मांडीवर हात ठेवून बसले.

"लावलंस का रं?"

दादासोने आवाज वाढवला. गल्लीतली माणसं दारात आली. रंगूबाईंनी कानांवर हात ठेवले.

"लावलंस का?"

दादासोने बटण शेवटपर्यंत फिरवलं. दोन्ही देखणे स्पीकर खरखरले, फाटले आणि गप्प झाले. मला हसू येणार होतं, पण लालासाहेबांनी पुतण्याचा पडलेला चेहरा पाहिला. घरात चिडीचूप झालेलं असताना ते मान डोलावून म्हणाले, "झ्याक वाजतंय रं."

मला भरून आलं.

रंगूबाई उठल्या. फडताळातले पेले, ताटं, तांबे एकेक करून त्यांनी जमिनीवर उतरवले. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "दादासो, जोड ती पेटी."

त्या संध्याकाळी जुन्या वीस वॅटांवर मी असा घुमलो की भिंतीवरचं कॅलेंडर हललं. लालासाहेबांचा तळहात माझ्यावर होता.

आता रोज आधी भांडी उतरतात, मग मी बोलतो. आणि जेवण तयार झालं की रंगूबाई येतात आणि माझ्या पाठीत दोन गुद्दे घालतात. लालासाहेबांच्या हाताला ते बरोबर कळतं.

"आलो गं," ते म्हणतात.

इतक्या वर्षांनी बायकोची हाक त्यांच्यापर्यंत पोहोचते आहे. घाला रंगूबाई, खुशाल घाला. मी इथून हलायचा नाही.