चिखलदऱ्यासाठी घेतलेला थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे. बाहेरून निळा पत्रा, आत काचेचं पोट आणि डोक्यावर पेल्यासारखं झाकण. कृष्णकांत गुरुजींनी मला पुलगावच्या बाजारातून आणलं, तेव्हा ते पत्नीला, पद्माबाईंना म्हणाले होते, "औंदा चिखलदऱ्याले जाऊ. तिथल्या थंडीत कामी येईल."

त्या वर्षी परीक्षा आल्या. पुढच्या वर्षी घराच्या स्लॅबचं काम निघालं. मग त्यांच्या एकुलत्या एका मुलीची, चारुताची, बारावी आली. चिखलदरा राहिला, पण मी रिकामा बसलो नाही. नाचणगावच्या शाळेत पेपर तपासणाऱ्यांना मी चहा दिला, निवडणुकीच्या ड्यूटीवर गेलो. "मास्तर, तुमच्या थर्मासातला चहा दुपारीबी वाफाळते," असं कुणी म्हटलं की मला फार बरं वाटे. शेवटी सव्वा महिना मी दवाखान्यात होतो. तिथून मी परत आलो, गुरुजी आले नाहीत. कुणीतरी माझं झाकण घट्ट लावून मला फळीवर ठेवून दिलं.

दहा महिन्यांनी चारुताने मला खाली काढलं. झाकण उघडताच तिने नाक मुरडलं आणि मला दोनदा गरम पाण्याने धुतलं. आईला वर्षातून आठ दिवस तरी चुलीपासून सुटी मिळावी, म्हणून ती चिखलदऱ्याच्या एका विश्रामगृहातला आठवडा विकत घेणार होती. असा व्यवहार असतो, मित्रांनो. खोली आपली होत नाही, पण दरवर्षी एक आठवडा तिथे राहण्याचा हक्क आपला होतो.

हा हक्क विश्रामगृह चालवणाऱ्या कंपनीकडून नवा घेता येत होता, किंवा अण्णाजींकडून जुना. अण्णाजी हे गुरुजींचे शाळेतले सोबती. गुडघ्यांमुळे ते आपला डिसेंबरचा पहिला आठवडा विकायला निघाले होते. इमारत तीच, खोल्या त्याच, किंमत निम्म्याहून कमी. मात्र थेट कंपनीकडून घेणाऱ्यालाच सोनेरी कार्ड मिळणार होतं. मोठी खोली, जेवणात सूट, इथल्या आठवड्याच्या बदल्यात परदेशातल्या विश्रामगृहात राहायची अदलाबदल. एखाद्या वर्षी जमलं नाही, तर आठवडा पुढच्या वर्षी वापरायची सोय.

रविवारी अण्णाजी कागद घेऊन आले. मी टेबलावरच होतो.

"बाबांसाठी काही करायचं राहून गेलं," चारुता म्हणाली. "आईसाठी तरी मी उणं काही घेणार नाही."

"माझ्यासाठी घेऊन राह्यली का त्या कार्डासाठी?" पद्माबाईंनी विचारलं. "मोठ्या खोलीत मी एकटी काय पकडापकडी खेळू? अन् परदेशात कोण बसलं आहे माझं?"

"वहिनी, खोटं नाई सांगत," अण्णाजी म्हणाले. "वर्षातून तीन-चारदा फिरणाऱ्याले कार्ड कामाचं आहे. मी सात वर्षांत फक्त चिखलदराच पाहिला."

चारुताने कंपनीच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचली. सवलती कंपनी केव्हाही बदलू शकत होती. तरी तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "आई, आठवडा पुढे ढकलता येतो. हे तरी उपयोगाचं आहे."

पद्माबाईंनी मला हातात घेतलं. बराच वेळ त्या माझ्या निळ्या पत्र्यावरून अंगठा फिरवत होत्या.

"तुझ्या बाबांनी दुसरं काय केलं वं? ढकललंच ना?" त्या म्हणाल्या. "अण्णाजीच्या आठवड्याले तारीख आहे. नाई गेलं त गेला. मले तोच पायजे."

चारुताने कंपनीचा कागद घडी करून ठेवला. मग अण्णाजींना सांगितलं, "काका, हक्क आईच्या नावावर होईल आणि देखभालीची मागची वार्षिक फी बाकी नाही, असं कंपनीचं पत्र आधी आणा."

"मास्तरची पोरगी आहे!" अण्णाजी हसले.

डिसेंबरमध्ये चिखलदऱ्यातल्या पहिल्या सकाळी चारुताने विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरातून मला भरून आणलं. बाहेर धुकं होतं. पद्माबाईंनी माझ्या झाकणात चहा ओतला, एक घोट घेतला. "साखर कमी आहे," त्या म्हणाल्या. पण उठल्या नाहीत. बसल्या जागी त्यांनी सगळा चहा संपवला आणि आणखी चहासाठी झाकण चारुतापुढे धरलं.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा एखादा असेल, तर त्याला धुतल्यावर लगेच झाकण लावू नका, उघडा वाळू द्या. आणि ज्या गावासाठी तो आणला असेल, त्या गावाला त्याला एकदा घेऊन जा. माझ्यात चहा खूप वेळ गरम राहतो, पण कायमचा नाही.