बसची दुसरी बाजू

तिने कागदाचा शेवटचा कोपरा चिकटपट्टीने दाबला, मागे सरकली आणि डोळे किलकिले करून पाहिलं. डेपोत उभ्या असलेल्या बसच्या दाराशेजारी आता दोन चिन्हं होती. एक वर्षानुवर्षांचा निळा पक्षी. दुसरं तिचं: एका ठिपक्यापाशी भेटून पुन्हा दोन दिशांना जाणाऱ्या वाटा. असाच कागद तिने बसच्या पलीकडच्या अंगालाही लावला होता. कुठूनही पाहा, वाटा सारख्याच. चिन्ह जमलं होतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

शंका होती ती परिवहन खात्याच्या साहेबांना.

"मॅडम, चिन्ह झकास आहे. पण पक्षी उतरवला तर लोक मला फाडून खातील. आणि ज्यांनी तो काढला, ते तर इथेच उभे आहेत."

ते म्हणजे तिचे वडील. ऐन उमेदीत त्यांनी शहराच्या नावातल्या पहिल्या अक्षरातून हा पक्षी उभा केला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी मिरवलं ते एवढंच. साहेबांनी त्यांना मुद्दाम पाहुणे म्हणून बोलावलं होतं. बापासमोर मुलगी पक्ष्याला नावं ठेवणार नाही, हा त्यांचा होरा.

"पक्ष्यात एक खोट दाखवा, आत्ता सही करतो," साहेब म्हणाले. "रंगारी उद्याच कामाला लागतील."

खोट तिच्या जिभेवर होती. शाळेत असल्यापासून होती. तिने चिकटपट्टीचं रीळ या हातातून त्या हातात घेतलं.

"खोट नाही. माझं चिन्ह त्याच्याहून चांगलं आहे, एवढंच."

"तोरा बघा! पण एवढ्यावर सही व्हायची नाही."

बाबांनी घसा खाकरला.

"साहेब, जरा बसला वळसा घालून पलीकडे चला. आणि ड्रायव्हरला म्हणावं, गाडी थोडी पुढे घे."

सगळे पलीकडे गेले. बस पुढे निघाली आणि या बाजूचा पक्षी शेपूट पुढे करून तिच्याबरोबर निघाला.

साहेब बघतच राहिले.

"अहो, मग या बाजूला उलटा रंगवायचा ना!"

"अक्षर आहे ते. उलटं केलं तर वाचणार कोण?" बाबा म्हणाले. "लोक बसचा नंबर बघतात, साहेब. म्हणून निभावलं."

सही झाली.

घरी जायला दोघं थांब्यावर उभी राहिली. रस्त्याच्या पलीकडून उलट दिशेची बस येताना दिसली. अशी बस आली, की बाबा चष्मा काढून पुसायला घेत. ती लहान होती तेव्हापासूनची ही सवय. आताही चष्मा हातात आला होता.

"तुला कधीपासून ठाऊक होतं गं?"

"तुमचा चष्मा एवढा कधीच मळत नव्हता, बाबा."

ते खो-खो हसत सुटले. चष्मा न पुसताच त्यांनी नाकावर चढवला. समोरून पक्षी मागे मागे चालला होता. बस वळणाआड जाईपर्यंत ते मान वळवून त्याच्याकडे बघत राहिले.

"उडतो मात्र ऐटीत," ते म्हणाले.