सातव्या पानावरचे अश्रू

बुरुलचाने सातव्या पानावरच्या बाईचे अश्रू तिसऱ्यांदा खोडले. दुपारच्या गाडीने कथा नारिनहून बिश्केकच्या मासिकाकडे जायची होती, आणि ती बाई रडते की नाही, हेच अजून ठरत नव्हतं.

कथा तशी साधी. पहिलं मूल आजी-आजोबांना द्यायची रीत. दोन वर्षांच्या मुलीला आजी घोड्यावर घेऊन निघते, मुलगी टाहो फोडते, आई दारात उभी. निवृत्त तुर्गुनबाय मास्तरांनी वाचून विचारलं होतं, ही आई आहे की दगड? चार टिपं तरी गाळू दे तिला. बुरुलचाने गाळू दिली. मग ग्रंथालयातली जीपार हसली होती, आपल्यातली कुठली सून सासूसमोर रडते गं? तेही खरंच होतं. दोघांचंही पटत होतं, हीच तर पंचाईत. ऐकावं जनाचं, करावं मनाचं म्हणतात. पण बुरुलचाला आपलं मन कुठे ठेवलंय तेच सापडेना.

शेगडीपाशी साल्कीन बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होती. बुरुलचाला जन्म दिला तो हिने. पण बुरुलचा वाढली आजीकडे, आजीलाच आई म्हणत, आणि हिला ताई. काल गावाहून आल्या आल्या ताईने विचारलं होतं, सध्या काय लिहितेस? असंच काहीतरी काल्पनिक, असं सांगून बुरुलचाने विषय बदलला होता.

साल्कीनने झाऱ्यातलं तेल निथळू दिलं.

"सकाळी तू शाळेत शिकवायला गेलीस ना, तेव्हा वाचली मी."

बुरुलचाचे कान तापले. मास्तरांना दिली, जीपारला दिली; जिची गोष्ट तिलाच तेवढी दिली नाही. लाजेने तिला मान वर करवेना. मास्तर काय म्हणाले, जीपार काय म्हणाली, ते सगळं तिने खाली बघतच सांगून टाकलं.

"मग ताई, तू... रडली होतीस का?"

"त्या दोघांना भांडू दे त्यावर." साल्कीनने पिठाचे हात पुसले. "माझं म्हणणं वेगळंच आहे. पोर रडलं नव्हतं."

"म्हणजे?"

"हसत होतीस तू. पहिल्यांदाच घोड्यावर बसायला मिळालेलं. पार वळणापर्यंत टाचा मारत गेलीस. मी दारात थांबले होते, मागे बघशील म्हणून."

बुरुलचाने सातवं पान पुढे ओढलं. त्या टाहोपाशी मास्तरांनी समासात 'वा!' लिहिलं होतं. जीपारने तिथेच डोळे पुसले होते. आणि बुरुलचाला स्वतःला त्या दिवसातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. वाचकाच्या काळजाला हात घालायचा म्हणून तिने ते पोर रडवलं होतं.

तिचा हात आपसूक पेन्सिलीकडे गेला. वाक्य मनात जुळलंसुद्धा होतं: पोर हसत वळणापर्यंत गेलं, मागे न बघता. ताईच्या दुःखाचंही आपण लगेच वाक्य केलं, हे ध्यानात आलं तसा तिने हात मागे घेतला, पण ताईने पाहिलं होतं.

"लिही की," साल्कीन म्हणाली. "यावर तुझ्या त्या दोघांचंही एकमत होईल."

आणि तिने पुढचा घाणा तेलात सोडला.